कानबाईला न्यायची गाडी

"दोन साल मना वाटा पानीमा गया," आई म्हणाली. "यंदा माले कानबाईले जानं शे."

मी तिच्या पलंगाशेजारी बसून मोबाइलवर गाड्या बघत होतो. मोठी गाडी घ्यायची हे घरात ठरलं होतं, कोणती ते ठरत नव्हतं. मी मोबाइल तिच्यासमोर धरला आणि एकेक चित्र सरकवत गेलो. तिने दोन-तीन चित्रं पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाली, "गाडी कशीबी राहू दे. माले संगे लई चाल म्हंजे व्हयनं."

आमच्या भावकीची कानबाई भडगावजवळ आमच्या गावी बसते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. ज्यांच्याकडे हा सण नाही त्यांना एवढंच सांगतो, की कुळातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने गव्हाची मूठ काढतात. त्या गव्हाचे रोट होतात, पुरणाच्या पोळ्या होतात. ज्याच्या नावाची मूठ पडली त्याने देवीसमोर बसून आपला वाटा खायचा. जो येत नाही त्याचा वाटा दुसऱ्या कुणाला देत नाहीत. सोमवारी कानबाईला निरोप देतात, तेव्हा तो तिच्याबरोबर गिरणेत सोडतात. आईचा वाटा दोन वर्षं असा गेला होता. पहिल्या वर्षी ती खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणावरच होती. दुसऱ्या वर्षी ती वॉकर धरून घरात फिरत होती, पण आमची गाडी लहान पडली. तिच्या पायासाठी पुढची सीट पार मागे घ्यावी लागे, मग तिच्या मागे कोणी बसू शकत नसे. उरलेल्या जागेत तिची कमोडची खुर्ची ठेवायची, की बायको आणि मुलीला बसवायचं? आई स्वतःच म्हणाली, "तुम्ही जा." आम्ही गेलो. मी माझा रोट खाल्ला आणि संध्याकाळी परत आल्यावर तिच्यासमोर बसायचं टाळलं.

म्हणून मोठी गाडी.

माझी नोकरी दीपनगरला, वीजकेंद्रात. आठवडाभर तिथल्या कॉलनीत एकटा राहतो. घर धुळ्याला, देवपुरात, कारण मुलीचं कॉलेज तिथे आहे. शनिवारी संध्याकाळी घरी येतो, सोमवारी पहाटे निघतो. आई कशी उठते, कशी बसते, कोणत्या हाताने काय धरते, हे सगळं बायकोला ठाऊक. मी आठवड्यातून एक दिवस येणारा मुलगा. औषधं आणतो, फळं आणतो आणि तिला काय हवं ते आपल्याला कळतं असं समजतो.

कँटीनमध्ये मी गाडीचा विषय काढला आणि आठवडाभर दुसरा विषय निघाला नाही. सगळ्यांचं एकच मत: एसयूव्ही. उंच पाहिजे, खालून लागायला नको, खेड्याच्या रस्त्याला पावसाळ्यात लहान गाडी म्हणजे नांगर. हायवेवर ट्रकवाला उंच गाडीला मान देतो, असंही एकाने सांगितलं.

"आणि सात जण बसतात," दुसरा म्हणाला.

"आमच्या घरात चारच जण आहेत," मी म्हणालो.

"घ्या तर. तीन आपोआप येतील. गाडी मोठी घेतली की नातेवाईक सापडतात."

आमच्याच कॉलनीतले एक वरिष्ठ अधिकारी त्या महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांच्याकडे एक जुनी, पण फार नीट ठेवलेली गाडी होती, तीही ते विकणार होते. नेहमीच्या कारसारखीच बुटकी, पण मागे डिकीऐवजी छप्पर तसंच पुढे गेलेलं. काचांची लांब खोली असावी तशी. इस्टेट म्हणतात, कोणी स्टेशन वॅगन म्हणतात. आपल्याकडे या गाड्या फारशा चालल्या नाहीत. कंपन्यांनी काही वर्षं विकून पाहिल्या आणि बंद केल्या. साहेबांनी मागचं दार वर उचलून दाखवलं. आत वॉकर न घडी करता उभा मावला असता, शेजारी कमोडची खुर्ची, त्यावर चादरी, आणि तरीही मागच्या सीटवर तीन माणसं आरामात बसली असती.

"एसयूव्हीत जागा वर असते, हिच्यात मागे असते," साहेब म्हणाले. "वरच्या जागेचं माणसाला काय करायचंय? डोक्यावर पाटी घेऊन बसायचंय का?"

मला ते पटलं. मी म्हणालो, आईला एकदा बसवून बघतो. त्यांनी किल्ली दिली. म्हणाले, रविवार काढा हिच्यासोबत.

शनिवारी मी ती गाडी घेऊन जळगाव, एरंडोल, पारोळा करत घरी आलो. रस्ताभर गाडी जमिनीला धरून चालत होती. रविवारी सकाळी बायकोने आईला हळूहळू बाहेर आणलं. आईने गाडीकडे पाठ केली, एक हात दारावर, एक हात वॉकरवर, आणि ओट्यावर बसावं तशी ती सीटवर बसली. मग बायकोने तिचे पाय उचलून आत फिरवले. कुठे हिसका नाही, कुठे ओय नाही. आईने सीटवरून हात फिरवला, समोरची काच बघितली, पदर नीट केला.

"बरी शे," ती म्हणाली. "चाल, जरा पांझरापर्यंत चाल."

मी तिला नदीपर्यंत फिरवून आणलं. पुलावर तिने काच खाली करायला लावली. परत आलो तर दारात नाना उभे होते.

नाना म्हणजे माझे चुलतभाऊ, माझ्याहून मोठे. गावची शेती तेच बघतात, कानबाईही त्यांच्याच घरी बसते. धुळ्याला कामासाठी आले की आमच्याकडे जेवूनच परत जातात. माणूस मायेचा, पण जिभेला लगाम नाही. ते गाडीभोवती एकदा हिंडले, मागच्या लांब काचेतून आत डोकावले, आणि म्हणाले, "भो, हाई गाडी शे का शववाहिका?"

मी हसलो.

"नही, खरं सांगस. हाई लईसन गावमा शिरशी ना, तं लोके टोप्या काढीसन उभा राहतीन. 'कोन गयं' म्हनतीन. आनि गाडीना मझार बशेल कोन? काकी!"

सगळे हसले. शेजारचे गुरुजी फाटकाशी उभे होते, तेही हसले. माझी मुलगी हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. आई तर सगळ्यांत जास्त हसली. आत बसल्या बसल्या म्हणाली, "नाना, तुना डोयासले इलाज कर रे बापू. जित्ती मानूस दिसत नही तुले."

"तसं नही काकी," नाना म्हणाले. "तू शंभर साल जग. पन पहिल्यांदा मोठी गाडी ली राहिना तुना पोऱ्या, तं ती गाडीसारखी दिसाले नको का?"

तेवढंच बोलणं झालं. नंतर जेवणं झाली, नाना गेले. पण मी आईला उतरवायला गेलो तेव्हा ती काचेआड बसलेली दिसली. मागे ती लांब मोकळी जागा, त्यात सकाळी बायकोने बघण्यासाठी टाकलेली पांढरी चादर. मी तिचा हात धरून तिला उतरवलं. ती जशी सहज बसली होती तशीच सहज उतरली. हे मी पाहिलं. पण मनात बसलं ते नानांचं वाक्य.

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "लोक काय, कशालाही हसतात. आईंना बसता येतंय ना?"

"येतंय," मी म्हणालो. "पण असल्या गोष्टी मनात आल्या की येतात. तिला घेऊन गावात शिरायचं, शुभ कामाला, आणि लोकांच्या मनात ते यायचं..."

"लोकांच्या की तुमच्या?"

सोमवारी गाडी साहेबांना परत केली. सांगितलं, घरच्यांना पटली नाही. घरच्यांना म्हणजे कोणाला, हे त्यांनी विचारलं नाही. महिनाअखेर ते पुण्याकडे राहायला गेले. जाण्याआधी गाडी जळगावच्या एका दुकानदाराने नेली, असं कळलं. त्याला रंगाचे डबे न्यायला ती सोयीची पडली.

मी हे आईसाठी केलं, असं मी त्या दिवसांत स्वतःला सांगत होतो. अशुभ नको म्हणून. पण खरं सांगायचं तर कँटीनमधलं बोलणंही डोक्यात होतं. लोकांनी आपल्या गाडीकडे बघून हसावं, हे मला सहन होणार नव्हतं. आयुष्यात एकदा मोठी गाडी घ्यायची आणि तिच्यावर विनोद व्हायचे. आईला अपशकुन नको हे कारण चांगलं होतं. ते मी पुढे केलं.

मग एसयूव्ही बघायला आम्ही धुळ्यातल्या एका शोरूममध्ये गेलो. मी, बायको, मुलगी, आणि नाना गावाहून मुद्दाम आले. आईला नेलं नाही. बायको निघताना म्हणाली, "आईंनाही घेऊन जाऊ. एकदा बसवून बघू." मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "नको रे बापू. नवी वस्तू घेवाले जाई राहिनात, मना पांढरा कपाळना पाय काबर?"

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई कुठल्याही शुभ कामात अशी मागे सरते. दर वेळी आम्ही "असं काय म्हणते" असं म्हणतो, तिचा हात ओढतो आणि तिला पुढे करतो. तो रिवाजच आहे आमच्या घरात. ती नको म्हणणार, आम्ही ओढणार. त्या दिवशी मी ओढलं नाही. म्हटलं, शोरूमला पायऱ्या असतील, तिला त्रास होईल. नाना गाडीत हॉर्न वाजवत होते. म्हटलं, त्या दुसऱ्या गाडीत बसलीच होती की. इथेही बसेल.

शोरूममध्ये आम्ही सगळे त्या गाडीत बसून पाहिलं. बायको बसली, मुलगी तिसऱ्या रांगेत जाऊन बसली, नाना पुढे बसले. नानांनी दरवाजाच्या चौकटीवरचं हॅंडल धरलं आणि घोड्यावर टांग टाकावी तशी टांग टाकून वर चढले.

"हाई गाडी!" ते वरून म्हणाले. "अठून तं मना वावर दिसी राहिनं!"

विकणाऱ्या मुलाला अहिराणी कळली नसावी, पण तो हसून म्हणाला, "काका, रोड प्रेझेन्सच वेगळा आहे हिचा."

मी विचारलं, म्हातारं माणूस चढू शकेल ना. तो म्हणाला, "खाली फुटस्टेप लावून देतो सर. आमच्याकडे किती तरी आजी-आजोबा आरामात बसतात." मी फुटस्टेपवर पाय ठेवून चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. सोपं होतं. माझ्या कमरेत काही बसवलेलं नव्हतं.

मुलीने मागचं दार उघडलं. "बाबा, मागची सीट लावली तर सामानाला जागाच नाही."

"सीट पाडता येते," तो मुलगा म्हणाला.

"मग सात सीटचा उपयोग काय?"

"मॅडम, दोन्ही ऑप्शन आहेत."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी नानांकडे पाहिलं. नाना आरशात बघून मिशा नीट करत होते.

जुनी गाडी एक्सचेंजमध्ये दिली. नवी मिळायला वेळ लागला आणि ती आली तेव्हा कानबाईला थोडेच दिवस राहिले होते. घरासमोर पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, बायकोने ओवाळलं. आई दाराच्या आत वॉकर धरून उभी होती. मी हाक मारली, "आई, ये ना." ती म्हणाली, "अठूनच दिसस माले. मोठी शे. लई मोठी शे." तिचा आवाज आनंदाचा होता. तिने हात जोडले. गाडीला की देवाला, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दीपनगरला गेलो, गाडी घेऊनच. कँटीनच्या लोकांना दाखवायची होती.

रविवारी सकाळी आई लवकर उठून तयार झाली होती. नवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत कानबाईसाठी ओटीचं सामान. ती दोन दिवसांपासून गाणी पुटपुटत होती, असं बायकोने सांगितलं. कानबाईची गाणी आमच्या भावकीत आईलाच पूर्ण येतात. बाकीच्या बायकांना सुरुवात येते आणि टाळ्या येतात.

मी गाडी फाटकाशी आणून उभी केली आणि पुढचं दार उघडलं. आई नेहमीप्रमाणे गाडीकडे पाठ करून उभी राहिली. आणि मग तिला कळलं की मागे बसायला काही नाही. सीट तिच्या पाठीच्या मध्यावर येत होती. तिने हात मागे नेऊन चाचपलं. माझ्याकडे पाहिलं.

"आई, तोंड इकडे करून चढायचं. या फुटस्टेपवर पाय ठेव."

तिने तोंड फिरवलं, बरा पाय वर ठेवला. पण त्या पायावर भार जाईपर्यंत मोडलेल्या खुब्यावर उभं राहून वाकायचं होतं. ते तिला जमेना. मग दुखरा पाय आधी ठेवून पाहिला. मुलीने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. ते ओल्या फरशीवर डुगडुगलं, आईने लगेच वॉकर घट्ट धरला. बायको म्हणाली, "राहू द्या, पडतील."

"रिक्षा बोलवू का?" मुलगी म्हणाली. "आजी रिक्षात बसते."

"भडगावपर्यंत रिक्षा?"

"मग दुसरी गाडी? लहान?"

मी भाड्याच्या गाडीसाठी फोन लावले. कानबाईचा रविवार. धुळ्यातल्या निम्म्या गाड्या त्या दिवशी कोणत्या ना कोणत्या गावाला लागलेल्या असतात. एक जण म्हणाला, दुपारनंतर बघतो. आमची लहान गाडी मी स्वतःच्या हाताने देऊन आलो होतो.

आई म्हणाली, "उचल माले."

बायको आत चढून सीटवर गुडघे टेकून बसली आणि तिने आईला काखेत धरलं. मी मागून उचललं, मुलीने पाय धरला. आई एकदा "माय वं" म्हणून ओरडली. लुगडं गुडघ्यापर्यंत वर गेलं आणि मुलीने ते ओढून धरलं. समोर गुरुजी पेपर वाचत होते, त्यांनी पेपर तोंडासमोर घेतला. आई सीटवर बसली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मी पाणी दिलं. कमोडची खुर्ची मागे मावेना, ती तिसऱ्या रांगेत माणसासारखी बसवली आणि तिला पट्टा लावला.

"बठ्ठं दिसस अठून," रस्त्याला लागल्यावर थोड्या वेळाने आई म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून ती सगळं दिसतंय म्हणत होती. "पारोयाना रस्ता मी एवढा उंचवरथीन कव्हय पाह्येल नही." मग बराच वेळ बाहेरच्या कपाशीकडे बघत राहिली. मी आरशात बघितलं तर मागे बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती.

गावात नानांच्या गल्लीत गाडी शिरेना. तोंडाशीच एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. मी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली. तिथून नानांचं दार समोर दिसत होतं, दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण दिसत होतं, आतून ढोलकी ऐकू येत होती. बायका धावत आल्या. "काकी उनी, काकी उनी!" आईच्या वयाच्या दोघी तर रडायलाच लागल्या. पण आई वर बसलेली आणि त्या खाली. त्यांनी हात वर केले, आईने हात खाली केला. बोटांना बोटं लागली. एकीला आईच्या गालावरून हात फिरवायचा होता, तिचा हात पोचेना. ती गाडीच्या दारावरूनच हात फिरवत राहिली.

"उतर वं माय, उतर," त्या म्हणत होत्या.

मी आणि नाना पुढे झालो. आईने दाराचं हॅंडल आतून पकडलं.

"नको," ती म्हणाली.

"काकी, आम्ही शेतस ना," नाना म्हणाले. "पोरे बलावस मी. बाज आनस, आल्लाद उतारतस."

आईने गल्लीत जमलेल्या माणसांकडे पाहिलं. पुतणे, त्यांच्या सुना, जावई. ज्यांच्यासमोर तिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, ते सगळे. मग ती अगदी हळू, फक्त आम्हा दोघांना ऐकू येईल असं म्हणाली, "आते उतरनी तं परत चढनं पडी. बठ्ठासना समोर पोतासारखं उचलशात का माले? घरना घर व्हतं, व्हई गयं. अठे नही."

नानांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला होता, तो काढून घेतला.

मग आईला सावलीला गाडीतच ठेवलं, काचा खाली केल्या. आत गाणी सुरू झाली. थोड्या वेळाने एका कडव्यानंतर बायका अडकल्या, हे गाडीपर्यंत ऐकू आलं. ढोलकी नुसतीच वाजत राहिली. आईने सीटवरच मान हलवली, "पुढलं विसरन्यात." नानांच्या बायकोने माझ्या मुलीला पाठवलं. मुलगी धावत आली, "आजी, पुढची ओळ काय?" आईने सांगितली. मुलीला अहिराणी नीट येत नाही. ती ओळ तोंडात घोळवत गेली आणि आत जाऊन तिने भलतंच काही सांगितलं असावं, कारण आतून हसण्याचा फवारा आला. ती लाल होऊन पुन्हा आली. आईने पुन्हा सांगितली, हळू, शब्द तोडून. मुलगी गेली तोवर बायका दुसऱ्याच गाण्यावर गेल्या होत्या. तरी असं बऱ्याचदा झालं. आई गाडीत बसून आतल्या गाण्याबरोबर ओठ हलवायची, पुढची ओळ तयार ठेवायची, आणि मुलगी येईपर्यंत तिची वेळ निघून जायची. शेवटी कोणी विचारायला आलं नाही. आईचे ओठ हलतच होते.

पंगत बसायची वेळ झाली. मी नानांच्या बायकोला, वहिनींना विचारलं, "आईचं ताट गाडीत नेऊ का?"

वहिनींच्या हातात पुरणाच्या पोळ्यांची परात होती. त्यांनी ती खाली ठेवली.

"भाऊ, तुम्ही सांगा, मी काय करू?" त्या म्हणाल्या. "रोट उंबरठाबाहेर जात नही. कव्हयच गया नही. त्यासनीच तं शिकाडेल शे माले, काकींनीच."

मी आईकडे परत गेलो. माझं तोंड बघूनच तिला कळलं.

"तिले कायले इचारं तू?" ती म्हणाली. "ती नही म्हनी तेच बरोबर शे." मग थोडं थांबून, "जा, तुना वाटा खाई ले. उपाशी राहू नको. तुना नावनी मूठ पडेल शे."

मला तिथे तिच्याबरोबर बसून राहायचं होतं. रोट न खाता. दोन्ही वाटे गेले असते पाण्यात, तर काय बिघडलं असतं? पण ते म्हणजे तिच्या देवीचं मोडणं, तिच्या शब्दाचं मोडणं, आणि शिवाय गल्लीभर चर्चा. मी गाडीपाशी उभा राहिलो. ती म्हणाली, "जा म्हनी राहिनू ना." मी गेलो.

कानबाईसमोर बसलो. नथ, बांगड्या, हिरवं लुगडं. मी नमस्कार केला पण काही मागता आलं नाही. ताट आलं. रोट, पोळी, खीर, गंगाफळाची भाजी. मला वाटलं होतं घास उतरणार नाही. पण पहाटेपासून पोटात काही नव्हतं आणि वहिनींच्या हाताला चव आहे. मी सगळं खाल्लं. खीर दुसऱ्यांदा घेतली. बसल्या जागेवरून दारातून गाडीचा पांढरा तुकडा दिसत होता. त्यात आई दिसत नव्हती, खिडकी उंच होती.

बायको जेवून आधीच आईजवळ गेली होती. तिने घरून आईसाठी आणलेली पोळी-भाजी तिला भरवली. ती सकाळी डबा भरत होती तेव्हा मी विचारलं होतं, कशाला. तिने झाकण लावून डबा पिशवीत ठेवला होता.

परत निघालो तेव्हा दोन्ही म्हाताऱ्या पुन्हा आल्या. हात वर, हात खाली. नाना गाडीच्या मागे उभे होते. मला वाटलं काहीतरी म्हणतील, निदान स्वतःलाच एखादी शिवी देतील. ते म्हणाले, "सावकाश चालाडजो." तेवढंच.

पारोळ्याच्या पुढे आई म्हणाली, "तू खादं ना?"

"हो."

"खीर कशी व्हती?"

"चांगली होती."

"इलायची टाकेल व्हती?"

"टाकली होती."

"मी म्हनेल व्हतं तिले," आई म्हणाली. समाधानाने म्हणाली. मग सीटचं डोकं तिला टोचत होतं म्हणून ती मान इकडे-तिकडे करून बघत राहिली. ते खाली कसं करायचं हे मला माहीत नव्हतं. मुलीने मागून हात घालून बटण शोधलं, पण ते आमच्यापैकी कोणालाच सापडलं नाही.

देवपुरात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. गुरुजींच्या ओट्यावर बरीच माणसं होती. मी गाडी फाटकाशी उभी केली, इंजिन बंद केलं. आईने दाराच्या हॅंडलला हात लावला नाही. ती म्हणाली, "त्या लोके जाऊ दे. मंग उतार माले."

आम्ही चौघं गाडीत बसून राहिलो.